तांत्रिक कारणास्तव

'तांत्रिक कारणास्तव आरोपींची निर्दोष मुक्तता.' ही ओळ मी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बाजारभावाच्या शेजारी वाचत आलोय. तीन ओळींची बातमी. पहिल्या ओळीत कुणाचं तरी घर पेटवलेलं असतं, कुणाच्या तरी आईला झिंज्या धरून चावडीपुढं ओढलेलं असतं. दुसऱ्या ओळीत विशेष न्यायालय असतं. तिसऱ्या ओळीत हे तांत्रिक कारण. हे कारण कुठल्या आईच्या पोटी जन्मतं आणि त्याचा बाप कोण, एवढंच विचारायला आज लेखणी धरलीय. काळ्या कोटातल्या विद्वानांनी नाकाला रुमाल लावून वाचलं तरी हरकत नाही.

एका जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात मी एका मावशीबरोबर चार वर्षं तारखांना गेलोय. गावाचं नाव सांगत नाही, मावशीला तिथंच राहायचंय. सामायिक बोअरवर हंडा लावला म्हणून तिचा हात मोडला आणि जातीवरून ज्या शिव्या दिल्या त्या इथं छापायच्या म्हटलं तर शाई विटाळेल. गुन्हा नोंदवायला दोन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसावं लागलं. मग नोंदला. पंचनामा केला फौजदाराने. जबान्या घेतल्या हवालदाराने, खाली सही फौजदाराची. उपअधीक्षकसाहेब गावात एकदा आले, गाडीतून न उतरता गेले आणि दोषारोपपत्रावर त्यांची सही पडली. चार वर्षांनी उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, प्रत्यक्ष तपास कुणी केला? फौजदार प्रामाणिकपणे म्हणाला, मी. खलास. १९९५ च्या नियमावलीतला नियम सात म्हणतो की ॲट्रॉसिटीचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या हुद्द्याच्या माणसाने करायचा नाही. तो मोडला, म्हणून ॲट्रॉसिटीचं कलम उडालं. मारहाणीचं कलम उरलं होतं, पण तोवर पंच फितूर झाले होते, साक्षीदारांपैकी एक जण आरोपीच्याच शेतात सालदार होता. सगळे सुटले. बाहेर लिंबाखाली फटाके लावले.

मावशीने मला विचारलं, "आरं, फौजदार लहान हुता ह्यात माजा काय गुन्हा?"

ह्या प्रश्नाचं उत्तर देशातल्या कुठल्याही न्यायाधीशाने मला द्यावं. नियम सात कुणासाठी केला? मावशीसाठी. गावच्या पाटलाच्या ओट्यावर चहा पिणाऱ्या फौजदाराच्या हातात तपास राहू नये, वरच्या माणसाने लक्ष घालावं, म्हणून. नियम मोडला कुणी? सरकारने. शिक्षा कुणाला? मावशीला. आणि बक्षीस ज्याने हात मोडला त्याला. आमच्या संरक्षणासाठी बांधलेल्या भिंतीवर चढूनच तो पलीकडे उडी मारतो आणि न्यायाधीश म्हणतात, भिंत होती हे खरं!

आता कुणी म्हणेल, नियम म्हणजे नियम, मोडला की खटला पडणारच. खोटं आहे. १९५४ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टासमोर रिशबूद नावाचा खटला होता. लाचलुचपतीचा. १९४७ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यातही अशीच अट होती, की मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय उपअधीक्षकाच्या खालच्या पोलिसाने तपास करायचा नाही. तिथंही खालच्यानेच तपास केला होता. कोर्ट काय म्हणालं? अट सक्तीची आहे, ती मोडायला नको होती. पण तपासात बेकायदेशीरपणा झाला एवढ्यावरून खटला आपोआप रद्द होत नाही. त्यामुळे खरोखर अन्याय झाला का ते बघा. आणि खटल्याच्या सुरुवातीलाच कुणी ही गोष्ट कोर्टाच्या नजरेला आणली, तर तिथल्या तिथं योग्य अधिकाऱ्याकडून फेरतपास करून घ्या.

बघा दोस्तहो. हुद्दा तोच. चूक तीच. सरकारी तिजोरीचा प्रश्न आला तेव्हा चूक दुरुस्त होऊ शकत होती. आमच्या आयाबहिणींच्या अंगावरचा प्रश्न आला की तीच चूक जीवघेणी होते. २००९ साली मध्य प्रदेशातल्या चुन्नीलालच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की खालच्या हुद्द्याच्या माणसाने केलेला तपास ॲट्रॉसिटीच्या कलमांपुरता चालणार नाही, मात्र त्याबरोबर लावलेली भारतीय दंड संहितेची कलमं त्यामुळे मरत नाहीत. ठीक. म्हणजे हात मोडला हे खरं ठरू शकतं, पण का मोडला हे विचारायचं नाही. हात मोडणं हा गुन्हा आणि जात ही तांत्रिक बाब.

फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ सालची. तिच्यात कलम ४६५ होतं. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेच कलम ५११ म्हणून बसलंय. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतही ते ५३७ म्हणून होतंच. राज्यकर्ते बदलले, आकडे बदलले, मजकूर तोच. तो असा, की खालच्या कोर्टाच्या कामात चूक, उणीव, अनियमितपणा झाला एवढ्यावर वरच्या कोर्टाने निकाल फिरवायचा नाही. त्या चुकीमुळे न्यायाचा घात झाला असेल तरच फिरवायचा. आणि हा घात झाला का हे ठरवताना आणखी एक गोष्ट बघायची, हा आक्षेप आधीच घेता आला असता का आणि घ्यायला हवा होता का. आता सांगा, चार वर्षं आरोपीचा वकील गप्प का बसला? दोषारोपपत्राची नक्कल त्याच्या हातात पहिल्या दिवसापासून होती. पंचनाम्यावर कुणाची सही आहे हे त्याला वाचता येत नव्हतं? त्याने ती चूक पुरचुंडीत बांधून ठेवली आणि साक्षीदार मोडले, मुद्देमाल सडला, म्हातारा डोळस साक्षीदार मेला, तेव्हा सोडली. सरकारी वकील बघत बसला. न्यायाधीशही.

पुढची गोष्ट याहून भयंकर आहे आणि ती फार थोड्या पोरांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९८९ च्या कायद्याने खास कोर्टं सांगितली. सेशन्स कोर्टालाच खास कोर्ट म्हणायचं. अनेक ठिकाणी पोलिसांनी दोषारोपपत्र थेट तिथं दाखल केलं. वाटलं, खास आहे तर खास वाट असेल. वर्षानुवर्षं खटले चालले, काहींत शिक्षाही झाल्या. मग २००० साली आंध्रातल्या गंगुला अशोक प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, असं चालणार नाही. सेशन्स कोर्ट थेट दखल घेऊ शकत नाही. आधी मॅजिस्ट्रेटकडे जा, त्याने खटला वर सुपुर्द करावा, मगच. कायद्याच्या अक्षराला धरून बोलले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ह्याचा वास लागल्याबरोबर देशभरचे शिक्षा झालेले हायकोर्टाच्या दारात धावले. आमचा खटला सुपुर्द झाला नव्हता, सबब आमची शिक्षा रद्द करा!

मध्य प्रदेशच्या हायकोर्टाने भूराजी नावाच्या खटल्यात खुनाची शिक्षा ह्याच कारणावर रद्द करून सगळं पहिल्यापासून चालवायला सांगितलं. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि बजावलं, की मॅजिस्ट्रेटच्या टेबलावरून कागद फिरले नाहीत म्हणून न्यायाचा घात होत नाही, नव्याने खटला हा अगदी शेवटचा उपाय. शहाणपणाचं बोलले. पण दोन-तीन वर्षांतच त्याच कोर्टाच्या दुसऱ्या खंडपीठांनी केरळातल्या विद्याधरन आणि मोली ह्या खटल्यांत उलटा सूर लावला. सुपुर्दगी नाही, म्हणून शिक्षा रद्द, जा पुन्हा मॅजिस्ट्रेटकडे. एकाच इमारतीत दोन दालनं आणि दोन कायदे. ही गाठ सोडवायला तीन न्यायाधीशांचं खंडपीठ बसलं, रत्तीराम विरुद्ध मध्य प्रदेश सरकार, आणि निकाल लागला फेब्रुवारी २०१२ मध्ये. म्हणाले, जुन्या १८९८ च्या संहितेत मॅजिस्ट्रेट सुपुर्दगीआधी साक्षी घ्यायचा, चाळणी लावायचा, तेव्हा त्या पायरीला वजन होतं. १९७३ नंतर तो फक्त एवढंच बघतो, की हा गुन्हा सेशन्सनेच चालवायचा आहे का, आणि कागद वर पाठवतो. ती पायरी चुकली म्हणून आरोपीचं काय बिघडलं ते त्याने दाखवावं. नुसतं चुकली म्हणून शिक्षा रद्द नाही.

२००० ते २०१२. बारा वर्षं. बारा वर्षं ह्या देशाच्या सर्वोच्च न्यायसंस्थेला हे ठरवता आलं नाही, की एका पट्टेवाल्याने एक गठ्ठा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला नाही म्हणून आमच्या माणसाच्या खुन्याला सोडायचं की नाही. ह्या बारा वर्षांत ज्यांचे खटले 'पहिल्यापासून' गेले, त्यांच्या साक्षीदारांनी दुसऱ्यांदा पिंजऱ्यात उभं राहून काय सांगितलं असेल? पहिल्यांदा उभं राहिल्याबद्दल गावाने पिठाची गिरणी बंद केलेली असते. आणि संसदेला हे भोक बुजवायला त्याहून उशीर. २०१५ च्या दुरुस्तीने खास कोर्टाला थेट दखल घेण्याचा अधिकार दिला, तो लागू झाला २६ जानेवारी २०१६ ला. १९८९ साली एक ओळ जास्त लिहिली असती तर? कायदा लिहिणाऱ्यांच्या टेबलावर शाई कमी पडली होती काय?

आपल्या महाराष्ट्राची शोभा वेगळीच. मुंबई हायकोर्टाने एकदा असं ठरवलं, की फिर्यादीत आरोपीची जात लिहिलेली नसेल तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा टिकत नाही. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही असं फिर्यादीने स्वतः लिहून द्यायला हवं. च्यायला! गावात कोण कोणत्या जातीचा हे गावच्या कुत्र्यालाही कळतं. ते कोणाच्या दारात भुंकायचं हे शिकून येतं. पण ठाण्यात अंगठा उमटवणाऱ्या अडाणी बाईने मात्र कायद्याच्या भाषेत आरोपीची जात नोंदवली पाहिजे, आणि फिर्याद लिहून घेणाऱ्या अंमलदाराने ती गाळली तर दोष बाईचा. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका बाईने हे सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं, तेव्हा कोर्टाने सांगितलं, फिर्यादीत जात नसली तरी गुन्हा रद्द करता येत नाही, ती तपासात कळेलच. दिल्लीपर्यंत जावं लागलं एवढ्या गोष्टीसाठी. किती बाया जाऊ शकतात दिल्लीला?

खैरलांजीवर मी इथं फार लिहिणार नाही, लिहायला लागलो तर हात थांबणार नाही. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एका घरातले चार जीव. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. फाशीचं मला प्रेम नाही. पण खालचं कोर्ट आणि वरचं कोर्ट एका गोष्टीवर एकमत, की ह्यात ॲट्रॉसिटी नाही. जुन्या भांडणातल्या साक्षीचा सूड आहे. वरचं कोर्ट खालच्याची चूक तपासायला असतं असं म्हणतात. पण दोघांचे डोळे एकाच गावातून आलेले असतील तर चूक दिसणार कुणाला? दहा वर्षांनी कायदा बदलला. आता आरोपीची त्या कुटुंबाशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असं कोर्टाने गृहीत धरायचं, उलटं त्याने सिद्ध करायचं.

इथं आपल्यातलेच काही गरम डोक्याचे मित्र म्हणतील, मग फेकून द्या ही प्रक्रिया, हा सगळा बामणी कावा आहे, थेट निकाल लावा. मी तुमच्याशी भांडायला तयार आहे. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर वस्त्यावस्त्यांत पोलीस शिरले, तेव्हा आपल्या पोरांना कुणी सोडवलं? अटकेची वेळ, मॅजिस्ट्रेटपुढं चोवीस तासांत हजर करणं, जामीन, ह्याच कागदी गोष्टींनी. परभणी आठवा. डिसेंबर २०२४. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलीस वस्तीत घुसले, आणि वडार समाजातला, कायदा शिकणारा एक तरुण कोठडीत मेला. गुन्हा नोंदवा, हे सांगायला औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये हुकूम काढावा लागला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. तिथंही सरकारची डाळ शिजली नाही. ज्याच्या हातात लाठी नाही, जमीन नाही, आमदार नाही, त्याच्या हातात शेवटी प्रक्रियाच उरते. मला ती मोडायची नाही. मला ती दोन्ही बाजूंना सारखी लागू झालेली बघायचीय. आरोपीची प्रक्रिया चुकली तर घटनेचा भंग आणि फिर्यादीची चुकली तर किरकोळ अनियमितता, हा हिशेब मोडायचाय.

हवी असेल तर उदाहरणं मोजा. २०१६ पासून कलम १५अ सांगतं, की पीडिताला जामिनाच्या, सुटकेच्या, शिक्षेच्या प्रत्येक सुनावणीची वेळेवर नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका. किती ठिकाणी देतात? आरोपी जामिनावर सुटून गल्लीत मिशीला पीळ देत उभा राहतो तेव्हा फिर्यादीला कळतं, की जामीन झाला. राजस्थानातल्या एका खुनाच्या प्रकरणात असंच झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ही नोटीस सक्तीची आहे, मर्जीची नाही, आणि जामीन रद्द ठरवला. हा खरा फेरविचार. त्याच कायद्यात सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण करा असंही लिहिलंय. आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन विचारा, कॅमेरा कुठाय. बाबू वर पंख्याकडे बघेल.

आणि ह्याच सुप्रीम कोर्टाने २० मार्च २०१८ ला, तेही महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून आलेल्या प्रकरणात, आधी प्राथमिक चौकशी, आधी वरिष्ठांची परवानगी, मग अटक, अशी नवी प्रक्रिया आमच्या मानेवर ठेवली होती. आमच्यासाठी प्रक्रिया वाढवायला कुणाला बारा वर्षं लागली नाहीत. २ एप्रिलचा भारत बंद झाला, माणसं मेली, ऑगस्टात संसदेने कलम १८अ घातलं, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टाने आपलेच ते निर्देश मागे घेतले. फेरविचार अर्ज दिल्लीत सुनावणीला होता हे खरं, पण तो हलवला रस्त्याने.

बाबासाहेबांनी महाडचा दावा लढवला तो आठवतो. १९२७ च्या डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा टाकला, सत्याग्रहाच्या तोंडावर तात्पुरती मनाई आणली. तळ्यावर जायचं थांबलं. १९३१ ला महाडचा निकाल आपल्या बाजूने, १९३३ ला ठाण्याचं अपील आपल्या बाजूने, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल. दहा वर्षं. पण त्या निकालात काय आहे ते वाचा. हायकोर्टाने सवर्णांना विचारलं, तळं अनादिकाळापासून फक्त तुमच्याच वापराचं होतं ह्याचा पुरावा काय? त्यांना देता आला नाही. पुरावा देण्याचं ओझं ज्याच्या खांद्यावर हवं त्याच्याच खांद्यावर त्या कोर्टाने ठेवलं. गोऱ्या सरकारच्या अमलात हे जमलं, आणि आज मावशीने स्वतःची जात, आरोपीची जात, फौजदाराचा हुद्दा आणि मॅजिस्ट्रेटची सुपुर्दगी सगळं स्वतःच सिद्ध करायचं.

तेव्हा मागणी एवढीच. दोषारोपपत्र दाखल होईल त्याच दिवशी खास कोर्टाने तपासावं, की तपास कुणी केला, दाखले आहेत का, कलमं पुरी आहेत का. नसेल तर त्याच दिवशी उपअधीक्षकाकडे परत पाठवावं. रिशबूदपासून हे करता येतं. चार वर्षांनी आरोपीच्या वकिलाने ती चूक शोधून काढेपर्यंत डोळे मिटून बसणारा न्यायाधीश त्या चुकीत सामील आहे असं मी म्हणतो. ज्या अधिकाऱ्याने नियम सात मोडला त्याच्यावर कलम चार लावा. त्यात सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. आता म्हणतात, आधी खात्याची चौकशी, तिची शिफारस, मग गुन्हा. म्हणजे पुन्हा त्यांचाच ओटा आणि त्यांचाच चहा. ही अट काढा. आणि तांत्रिक कारणावर सुटका झाली तर हायकोर्टाने फेरखटल्याचा विचार केलाच पाहिजे. गुजरातच्या बेस्ट बेकरीत २००४ साली सुप्रीम कोर्टाने तो करून दाखवला, खटला राज्याबाहेर आपल्या मुंबईत आणून चालवला आणि २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. तिथं करता आलं, तर मग खर्ड्याच्या सतरा वर्षांच्या पोरासाठी का नाही, ज्याच्या खुनातले सगळे २०१७ मध्ये साक्षीदार फितले म्हणून सुटले?

पोरांनो, निकालाच्या दिवशी घोषणा द्याच, पण कोर्ट उठायच्या आत नकलेचा अर्जही टाका. खास कोर्टाच्या निकालावर हायकोर्टात अपील करायला कायद्याने नव्वद दिवस दिलेत; नक्कल मिळायला लागणारे दिवस त्यात धरत नाहीत, पण अर्ज उशिरा टाकला तर तो उशीर तुमचाच. पीडिताला स्वतः अपील करता येतं, २००९ च्या अखेरीपासून तो हक्क आहे, सरकारची वाट बघायची गरज नाही. रोजनामा काढा, कोणत्या तारखेला सरकारी वकील गैरहजर होता ते लिहून घ्या. पंचनाम्यावर, जबान्यांवर सही कुणाची आहे ते पहिल्या दिवशी बघा आणि तिथंच लेखी अर्ज द्या. मावशीच्या खटल्यातली नक्कल आमच्याकडे आलीय, एकशे बारा पानं. अपिलाचा मसुदा अर्धा झालाय. टंकलेखनाला आणि नागपूर गाडीच्या भाड्याला पैसे कमी पडतायत, ज्याला जमेल त्याने छावणीत आणून द्यावेत.